रुमालाखालचा हात

ज्याच्या हाताचे आतले दोर तुटले आहेत आणि "व्यायाम करा, होईल हळूहळू" असं सांगून ज्याला घरी पाठवलं आहे, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. धीर द्यायला मात्र लिहीत नाही. धीर देणाऱ्यांचा मला त्या दिवसांत इतका वीट आला होता की, "अरे, दोनच तर बोटं आहेत" असं कुणी म्हणालं की त्याचीच दोन बोटं धरून पिरगाळावीशी वाटायची. पिरगाळण्याइतकी ताकद हातात नव्हती, म्हणून ते सगळे सुखरूप राहिले.

आधी माझा धंदा सांगायला हवा. नाहीतर दोन बोटांसाठी एवढा आकांत कशाला, हे कळणार नाही.

नागपूरच्या संत्र्याच्या बाजारात आमची आडत होती, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा आणि त्यावर दलाली घ्यायची. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो गादीवर बसायचा आणि सौदे मी करायचो. बांगलादेशच्या लढाईनंतरची ही वर्षं. तेव्हा बाजारात हत्ता चालायचा, म्हणजे भाव तोंडाने सांगायचा नाही. माल उतरून ढेरी लागली की मी उजव्या हातावर रुमाल टाकायचो. घेणारा त्या रुमालाखाली हात घालायचा आणि माझी बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, चारही धरली की चार, आणि अंगठ्यासकट पंजा म्हणजे पाच. पुढची शून्यं किती, हे ज्याला त्याला ठाऊकच असे. भाव पटला नाही तर मी त्याची बोटं धरून माझा भाव सांगायचो, आणि पटला तर त्याचाच आकडा परत धरायचो. भोवती गर्दी असली तरी भाव फक्त त्या दोन हातांना कळायचा. तोंडाने आम्ही पावसापाण्याच्या आणि पोरीबाळींच्या लग्नाच्या गोष्टी करत असायचो.

या धंद्यात दोन गोष्टी पाळाव्या लागत. रुमालाखाली जे झालं ते फिरवायचं नाही, ही पहिली. आणि डाव्या हाताने सौदा करायचा नाही, ही दुसरी. डावा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याचा चारचौघांत अपमान. "डाव्या हाताने कर की मग" असं मला नंतर पुष्कळांनी सुचवलं, त्यातला एकही बाजारातला नव्हता.

शिवाय चेहरा कोरा ठेवावा लागे. बाजारात सगळ्यात कोरा चेहरा वसंताचा, असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

सोड्याची बाटली

मृगबहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला निघणारा शेवटचा माल चालला होता. ऊन मी म्हणत होतं. हाजीसाहेबांशी सौदा आटोपून आम्ही कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडे गेलो. हाजीसाहेब म्हणजे मोमिनपुऱ्यातले जुने व्यापारी. कलकत्त्याला माल पाठवायचे. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण रुमालाखाली कुणाला सूट न देणारे.

"वसंत, जल्दी पिला यार, गला सूख गया," ते म्हणाले.

सोडावाला दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. मी पेटीतली गोटीची बाटली उचलली आणि अंगठ्याने गोटी आत दाबायला गेलो. ती घट्ट बसली होती. मी तळहाताने जोर लावला, आणि बाटली हातातच फुटली.

दुखलं नाही. नुसतं गरम वाटलं. हाजीसाहेबांनी खांद्यावरचा आपला सौद्याचा रुमाल ओढला आणि माझ्या पंजाभोवती आवळून बांधला. पांढरा रुमाल बघता बघता लाल झाला. गल्लीतल्या डॉक्टरने काचा काढून टाके घातले आणि सांगितलं, "वरची जखम आहे, भरून येईल." जखम भरली. टाके निघाले. घरी येऊन मी हौसेने मूठ वळली, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आलंच नाही. वर्गात उत्तर येणाऱ्या पोराने वर करावी तशी दोन बोटं ताठ उभी राहिली.

"मूठ करा"

मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सर्जनसमोर मी सकाळभर रांगेत उभा राहून पोचलो. सोबत माझी बायको सुमन होती.

"मूठ करा," ते म्हणाले.

"केली."

"ही मूठ आहे?"

 त्यांनी पेनाच्या टोकाने करंगळीला टोचलं. मला काहीच लागलं नाही. मग त्यांनी कागद ओढून हाताचं चित्र काढलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोर असतात, त्यांनी बोटं ओढली जातात, त्यातले तुमचे तुटले, असं सांगितलं. "पायजम्याची नाडी तुटून आत गेली की कशी सापडत नाही? तसं झालं आहे. त्याच दिवशी शिवले असते तर गोष्ट वेगळी होती. आता दुसरीकडचा दोर काढून तिथे घालावा लागेल."

"आंब्या बहारापर्यंत होईल ना?" मी विचारलं.

"म्हणजे कधी?"

"दसऱ्याच्या सुमाराला माल सुरू होतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हात पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही. उपयोगाचा व्हावा, एवढा प्रयत्न करू."

उपयोगाचा! मला हसूच आलं. माझा हात आणखी कुठल्या उपयोगाचा होता? नांगर धरायचा नव्हता की घण मारायचा नव्हता. त्याने फक्त बोलायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात सुमन म्हणाली, "आपरेशन म्हणते ना? मग होते बरोबर. कायले एवढं तोंड पाडून राहिले?"

"तू गप बस वं," मी सगळ्या रांगेसमोर तिच्यावर ओरडलो.  रिक्षात बसेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

ऑपरेशनचं फारसं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. आधी मला वाटलं, हात कापूनच टाकला. मी डाव्या हाताने प्लास्टरच्या टोकाशी चाचपून पाहिलं. बोटांची टोकं लागली. पाचही लागली. तेवढ्यानेसुद्धा मी हमसून हमसून रडलो. शेजारच्या खाटेवर कामठीचा एक लूमवाला होता. मागाच्या यंत्रात त्याची तीन बोटं अर्धी गेली होती. तो म्हणाला, "काहून रडून राहिला गा? तुले तर पूर्ण भेटली." त्याने दिलेलं अर्धं केळं मात्र मी खाल्लं. त्या वार्डात मला बरी वाटलेली तेवढीच एक गोष्ट.

रामटेके बाई

प्लास्टर निघाल्यावर मला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला लांबोडकी खोली, एका कोपऱ्यात वितळलेल्या मेणाचं भांडं, खिडकीशी टेबल, टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती. तिथे रामटेके बाई असत. तिशीच्या आतल्या, इंदोरा वस्तीतून सायकलवर यायच्या. आवाज हळू, पण शब्द मागे घ्यायची सवय नाही.

कोमट मेणात हात बुडवून बाहेर काढला की त्या मोजमाप घ्यायला बसत. दर मंगळवारी. कंपाससारखी दोन पात्यांची एक पट्टी होती, ती सांध्यावर ठेवून बोट किती वाकलं ते बघायच्या. मग मूठ करायला लावून, बोटाचं टोक तळहातापासून किती दूर राहिलं ते साध्या लाकडी पट्टीने मोजायच्या. आणि शेवटी रक्तदाबाचं यंत्र. त्याचा दंडाला बांधायचा पट्टा गुंडाळून, त्यात थोडी हवा भरून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दाबा." जितकं दाबाल तितका काचेच्या नळीत पारा चढायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी आधी डावा हात घेतला. पारा सरसर नळीच्या टोकाला गेला. मग उजवा. मी दात आवळले, खांदा आवळला, पायाचे अंगठे फरशीवर रोवले. पारा किंचित हलला आणि खाली बसला. माझ्या नुसत्या थरथरण्यानेही तो तेवढा हलला असता.

"झालं?" बाईंनी विचारलं.

मला त्या पाऱ्याची भीती बसली ती तेव्हापासून. 

मी लबाडी करून पाहिली नाही असं नाही. मनगट मागे टाकलं की बोटं आपोआप थोडी मिटतात, हे मला दुसऱ्याच मंगळवारी कळलं. मोजताना मी हळूच मनगट उचललं.

"मनगट खाली, भाऊ."

"खालीच आहे."

"नाही. मागे नेलं की बोटं मिटतात. ते काम मनगटाचं, बोटाचं नाही." त्यांनी माझं मनगट टेबलावर दाबून धरलं. बोट होतं तिथे परत गेलं. पट्टीवर तेच अंतर, एक रेघही कमी नाही.

"थोडं कमी लिहा ना बाई. तुमचं काय जाते?"

"कमी लिहिलं तर तुमचं बोट वाकते का?" त्या म्हणाल्या आणि होतं तेच कार्डावर लिहिलं.

कामठीचा लूमवाला माझ्या शेजारच्या स्टुलावर असायचा. त्याच्या अर्ध्या बोटांनी तो पारा असा काही उडवायचा की खोलीतले लोक हसायचे. मला त्याचा इतका मत्सर वाटायचा की माझीच मला लाज वाटे. पुरी बोटं असून मी मुका, आणि अर्ध्या बोटांवर याचं तोरा मिरवणं चाललंय.

घर

घरातलं सांगायचं तर शर्टाची बटणं सुमन लावायची. पायजम्याची नाडी सुमन बांधायची. भात कालवून घास उचलला की तो बोटांच्या फटीतून ताटात, तिथून मांडीवर. एकदा मी ताट भिंतीवर भिरकावलं.  सुमनने भिंत पुसली, दुसरं ताट वाढलं आणि समोर बसून मला भरवायला हात पुढे केला. मी तोंड फिरवलं. वाटलं, ही दोन बोटं नसती तर बरं झालं असतं. ती असून नसल्यासारखी होती आणि वरून खिशात, बाहीत, बायकोच्या केसांत अडकत होती.

एका संध्याकाळी मात्र मला कल्पना सुचली. मी सुमनचा हात ओढून घेतला आणि त्यावर रुमाल टाकला.

"काय करून राहिले?"

"मी तुझी बोटं धरतो. किती धरली ते सांग."

"अजी, मी काय व्यापारी आहे का?" ती लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या रुमालाखाली तिचा हात पहिल्यांदाच आला होता.

मी एक धरलं. "एक," ती म्हणाली. दोन धरली. "दोन." मग मी सगळा जोर लावून चार धरली. करंगळी बधिरच होती, त्यामुळे ती दाबली गेली की नाही हे माझं मलाच कळत नव्हतं. सुमनने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "चार."

"पुन्हा सांग."

"चारच."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. किती आठवड्यांनी, ते देव जाणे. पुढे रोज संध्याकाळी आमचा हत्ता बसायचा. मी उलटसुलट आकडे धरायचो, तीनवरून एक, एकवरून चार, आणि सुमन एकदाही चुकायची नाही.

पण मंगळवारी पारा तिथल्या तिथेच. लाकडी पट्टीवर करंगळी तिथेच. शेवटी माझं डोकं फिरलं.

"तुमचं यंत्र बिघडलं आहे, बाई. माझी बायको रुमालाखाली चार ओळखते. रोज ओळखते!"

बाईंनी यंत्र माझ्या डाव्या हातात दिलं. पारा टोकाला गेला.  मग त्या म्हणाल्या, "ताईंना एकदा घेऊन या इकडे."

माझी बायको खोटं बोलते, असंच त्यांना म्हणायचं आहे, असं मला वाटलं. मी चपला घातल्या आणि निघालो. पुढच्या मंगळवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दोन

दसरा झाला आणि आंब्या बहाराचा माल यायला लागला. बाजारभर तो आंबटगोड वास सुटला आणि मला घरात बसवेना.

"यंदा सौदे मी करतो," दादा म्हणाला. "तू गादीवर बस गा."

"काहून? हात झाला माझा."

"बाईनं सांगतलं?"

"मी सांगून राहिलो ना!"

दादाने जास्त ताणलं नाही. त्यालाही माझा हात झालेलाच हवा होता.

पहिली मोठी ढेरी काटोलच्या तात्यांची होती. तात्यांचा माल आमच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडेच यायचा. फळ कसं, टपोरं, सालीला तेल सुटलेलं. हाजीसाहेब आले. मी रुमाल टाकला. इतक्या महिन्यांनी तो रुमाल हातावर पडला तेव्हा मला भरून आलं, पण मी चेहरा कोरा ठेवला. निदान मला तसं वाटलं.

हाजीसाहेबांनी माझी दोन बोटं धरली. दोन. पडेल भाव होता, पण सुरुवात ते अशीच करायचे. मी चार सांगायचं ठरवलं, म्हणजे तीनच्या आसपास मिटलं असतं. मी त्यांची चारही बोटं पंजात घेतली आणि होता नव्हता तो जोर लावला.

"मंजूर!" हाजीसाहेब म्हणाले आणि हात बाहेर काढला.

मी चक्रावलो. एका झटक्यात चार? आनंदाने माझं अंग हलकं झालं. मी दादाकडे पाहून मान हलवली. हाजीसाहेबांनी दादाच्या कानाशी जाऊन भाव सांगितला, सौद्याची चिठ्ठी लिहिली गेली, आणि दादाचा चेहरा उतरला. त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. त्यावर दोन लिहिलं होतं.

"मी चार धरली!" मी ओरडलो. हत्त्याचा भाव मी भर बाजारात तोंडाने ओरडलो.

 हाजीसाहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "बेटा, हाथ ने दो बोला. मैंने दो कहा, तूने दो पकड़ा. मैं समझा, राजी है." मग म्हणाले, "छोड़ दो. फिर से कर लेते हैं."

दादानेच नाही म्हटलं. एकदा फिरवलं की उद्यापासून आमच्या रुमालाखाली कोण हात घालणार? तात्या खाली बसले. ते एवढंच म्हणाले, "हत्त्यात झालं ते झालं, बाप्पा." फरक दादाने आमच्या दलालीतून भरून दिला, पण तात्या त्यानंतर माझ्याशी बोलताना माझ्या हाताकडेच बघायचे.

घरी आलो तेव्हा सुमन स्टोव्हला पिन मारत होती.

"तू कशी ओळखत होतीस?" मी दारातूनच विचारलं.

तिला लगेच समजलं. पिन तिच्या हातातच राहिली.

"तुमच्या तोंडाकडे पाहून," ती म्हणाली.

"तोंडाकडे?"

"एकले तुमी साधे राहता. दोनले ओठ दाबता. तीनले मान वाकडी होते. अन् चारले तर कपाळाची शीर उभी राहते, डोये भरून येते. हातात मले दोनच्या वर कधी लागलंच नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होती मी. पण तुमी पोटभर जेवले."

मी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो. तात्यांचं नुकसान, दादाची मान खाली, सगळं होतंच. पण खरं सांगतो, त्या वेळी मला सगळ्यात जास्त लागलं ते चेहऱ्याचं. हात गेला होता हे मला ठाऊक होतं. चेहराही गेला, हे मला त्या दिवशी कळलं. इतके महिने दात आवळून, जोर करून, तो हातापेक्षा मोठ्याने बोलायला लागला होता.

खरी मोजणी

मी सर्जनकडे गेलो आणि म्हणालो, "कापून टाका दोन्ही." मी ते रागाने म्हणालो नव्हतो. मला खरंच तेच हवं होतं. बोटं नसली तर कुणी अपेक्षा ठेवणार नाही आणि मीही ठेवणार नाही, असं मला वाटत होतं. त्यांनी मला व्यायामाच्या खोलीत परत पाठवलं.

रामटेके बाईंनी कुठे होता, काहून आला नाहीत, काही विचारलं नाही. हात मेणात बुडवला, पुसला, पट्टी ठेवली. जे थोडं होतं तेही त्या चुकवलेल्या मंगळवारांत गेलं होतं. बोटं आखडली होती. त्यांनी कार्डावर लिहिलं आणि माझ्या समोर धरलं. मला रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुमन बाहेर कडुलिंबाखाली बसली होती. मी तिच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. तिच्या शेजारी बसलो आणि मला रडू कोसळलं. तीही रडली. येणारेजाणारे बघत होते. मग तिने पदराने नाक पुसलं, माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला आणि आपल्या हातावर टाकला.

"धरा," ती म्हणाली. "मी डोये मिटते."

मी चार धरली. तिने डोळे घट्ट मिटले होते.

"दोन," ती म्हणाली.

तो सबंध हिवाळा असा गेला. सकाळी दवाखान्यात मेण, दुपारी कणकेचा गोळा दाबायचा, संध्याकाळी रुमाल. सुमन डोळे मिटून बसायची आणि मी चार धरायचो. "दोन." पुन्हा. "दोन." कधी ती जास्त वेळ थांबायची, आणि मग म्हणायची, "दोनच." कधी मी मुद्दाम कण्हायचो, तिने दया करावी म्हणून. तिने केली नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "एकदा तरी तीन म्हण वं!" ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमी द्या, मी म्हणते."

थंडी सरता सरता एका संध्याकाळी ती म्हणाली, "तीन?" मग परत चाचपून, "हो. तीन. तिसरं जरासं लागते."

मंगळवारी पारा खरंच थोडा वर गेला. बाईंनी पहिल्यांदा हसून कार्ड लिहिलं. मला वाटलं, आता चारही येईल. पण पुढच्या मंगळवारी पारा तिथेच, त्याच्या पुढच्या मंगळवारी तिथेच, आणि करंगळी तळहातापासून होती तेवढीच दूर. शेवटी बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"भाऊ, आता हे एवढंच."

"म्हणजे?"

"तीन आली. चौथं येणार नाही. घरी करत राहा, नाहीतर हेही जाईल. पण इथे रोज यायची गरज नाही."

लूमवाला केव्हाच कामठीला कामावर गेला होता. त्याचं स्टूल रिकामं होतं. मी त्या खोलीत आणखी थोडा वेळ बसून राहिलो. ज्या खोलीचा मला इतका तिटकारा होता, तिथून मला उठवत नव्हतं.

मृगाचा माल

मृगबहार आला. दादा सौदे करायचा आणि मी गादीच्या मागे बसून ढेऱ्यांवर नजर ठेवायचो. तीनवर अडकलेल्या हाताने कोण सौदा करतो? लोक येताजाता "कसा आहे हात?" विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. बाजाराच्या मधोमध बसून मी एकटा पडलो होतो. घरी जाऊन सुमनला मी सांगायचो, उद्यापासून जाणार नाही. ती डबा भरायची आणि मी जायचो.

अशाच एका सकाळी तात्यांचाच माल उतरला. हाजीसाहेब आले. दादाने रुमाल टाकला. हाजीसाहेब त्याच्याकडे न जाता ढेरीला वळसा घालून माझ्यापाशी आले.

"उठ. तेरे साथ करता हूँ."

"हाजीसाहब, मेरा हाथ..."

"मालूम है."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आपल्या डाव्या हातावर टाकला. सगळ्यांच्या देखत. ज्या हाताने त्यांनी जन्मात कुणाला पैसा दिला नव्हता की पानाचा विडा घेतला नव्हता, तो हात त्यांनी रुमालाखाली माझ्यापुढे धरला.  तात्या ढेरीजवळून उठून उभे राहिले.

मी माझा डावा हात रुमालाखाली घातला. हाजीसाहेबांनी माझी दोन बोटं धरली. तोच पडेल भाव, जणू मधले महिने गेलेच नव्हते. मी उत्तर द्यायला बोटं उघडली, पण त्याआधीच ते हळूच म्हणाले, "मुँह उधर कर, वसंत. सब दिख रहा है."

मी संत्र्यांकडे तोंड फिरवलं आणि त्यांची चारही बोटं धरली. डाव्या हाताची पाचही बोटं माझ्या ऐकण्यातली होती. चार धरली गेली, हे मला स्वतःला कळलं.

"सुन लिया," हाजीसाहेब म्हणाले, आणि घासाघीस सुरू झाली.

उजवा हात मोकळाच होता. त्याने मी डोळे पुसले.